ओकेची जन्मतारीख

बहुतेक शब्दांचं वय सांगता येत नाही. पाणी, भूक, आई हे शब्द पहिल्यांदा कुणाच्या तोंडून निघाले हे कोण सांगणार? व्युत्पत्तिकार त्यांची वंशावळ मांडतात, प्राकृतातलं रूप दाखवतात, संस्कृतापर्यंत नेऊन सोडतात. त्यापलीकडे अंधार असतो. ओके हा शब्द मात्र याला अपवाद आहे. त्याची छापील जन्मतारीख माहीत आहे, गाव माहीत आहे, ज्या वर्तमानपत्रात तो उमटला त्याचं नाव आणि पानही माहीत आहे. २३ मार्च १८३९, बॉस्टन, 'बॉस्टन मॉर्निंग पोस्ट', पान दुसरं.

इतक्या साध्या, दिवसभर तोंडात असणाऱ्या शब्दाची जन्मपत्रिका एवढी चोख असावी, याचं मला पूर्वीपासून अप्रूप वाटत आलं आहे. भाजीवाला हिशेब सांगून 'ओके?' विचारतो. नव्या कुलपावर, पंपावर, मिक्सरवर 'ओके टेस्टेड'ची चिठ्ठी चिकटवलेली असते. नातू फोन ठेवताना 'ओके आजी' म्हणतो आणि आजीही 'ओके बाळा' म्हणते. तिला हा शब्द परका वाटत नाही. असा शब्द आला कुठून, हे शोधताना मला त्याच्या जन्माइतकीच त्या जन्माचा शोध घेणाऱ्या माणसाची गोष्ट मोलाची वाटली.

१८३० च्या दशकाच्या अखेरीस बॉस्टनच्या वर्तमानपत्रांत आद्याक्षरांची एक लाट आली होती. पूर्ण शब्द न लिहिता त्यांची पहिली अक्षरं छापायची, आणि शब्दांचं स्पेलिंग मुद्दाम चुकवून ती अक्षरंही वेगळीच काढायची, अशी ती गंमत होती. 'ऑल राइट'ची खरी आद्याक्षरं ए आणि आर. पण उच्चाराबरहुकूम अडाणी स्पेलिंग केलं की ती ओ आणि डब्ल्यू होतात, म्हणून 'ओ. डब्ल्यू.' 'नो यूज'चं त्याच रीतीने 'के. वाय.' झालं. त्याच वेळी शहरात एक मिश्कील मंडळ होतं. जेवणाच्या घंटा वाजवण्यावरून नगरपालिकेने काढलेल्या नियमाच्या निमित्ताने ते स्थापन झालं होतं आणि त्याचं नावही 'घंटानादविरोधी संघ' अशा अर्थाचं होतं. या मंडळींच्या प्रवासावरून शेजारच्या प्रॉव्हिडन्स शहरातल्या एका वर्तमानपत्राने काही छापलं आणि 'मॉर्निंग पोस्ट'ने त्याला खेळकर उत्तर दिलं. त्या उत्तरात 'ओ. के.' ही अक्षरं आली. वाचकाला उलगडा व्हावा म्हणून लगेच पुढे 'ऑल करेक्ट' असा खुलासाही छापला होता. संपादक होते चार्ल्स गॉर्डन ग्रीन.

'ऑल करेक्ट' म्हणजे सगळं बरोबर. पण त्यातल्या पहिल्या शब्दाचं पहिलं अक्षर ओ नाही आणि दुसऱ्याचं के नाही. म्हणजे 'सगळं बरोबर आहे' असं सांगणारा हा शब्द आपल्या दोन्ही अक्षरांत चुकीचा आहे. एका वृत्तपत्रीय लहरीतून तो जन्मला आणि अशा लहरी टिकत नाहीत. त्याची भावंडं, 'ओ. डब्ल्यू.' आणि 'के. वाय.', काही वर्षांत नाहीशी झाली. आज ती अभ्यासकांच्या टिपणांतच भेटतात. ओके मात्र वाचला. त्याला वाचवलं निवडणुकीने.

१८४० साली अमेरिकेचे अध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन दुसऱ्यांदा उभे होते. ते न्यूयॉर्क राज्यातल्या किंडरहूक गावचे, म्हणून त्यांचं टोपणनाव 'ओल्ड किंडरहूक'. त्याचीही आद्याक्षरं ओ आणि के! समर्थकांनी न्यूयॉर्कमध्ये 'ओ. के. क्लब' काढला आणि ही दोन अक्षरं सभांत, मिरवणुकींत, वर्तमानपत्रांत दुमदुमू लागली. आमचा उमेदवार ओल्ड किंडरहूक आहे, म्हणजेच सगळं ठीक आहे, असा तो दुहेरी अर्थ होता. विरोधकांनीही तीच अक्षरं उचलली आणि त्यांना नाही नाही ते अर्थ चिकटवले. व्हॅन ब्युरेन हरले, विल्यम हेन्री हॅरिसन निवडून आले. उमेदवार पडला, पण शब्द देशभर पोचला. चार वर्षांनी, १८४४ मध्ये, सॅम्युअल मॉर्सची तारयंत्राची ओळ वॉशिंग्टन आणि बाल्टिमोर यांच्यामध्ये सुरू झाली. संदेश नीट पोचला हे कमीत कमी अक्षरांत कळवण्याची गरज निर्माण झाली आणि तारमास्तरांना हा शब्द आयताच मिळाला. पुढे रेल्वेच्या कामकाजातही तो रुळला.

त्याच निवडणुकीच्या धामधुमीत एक खोटी गोष्टही पसरवली गेली. व्हॅन ब्युरेन यांच्या आधीचे अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांना म्हणे स्पेलिंग येत नसे, म्हणून ते सरकारी कागदांवर 'ऑल करेक्ट'ऐवजी 'ओ. के.' लिहीत. विरोधी पक्षाच्या वर्तमानपत्रांनी उठवलेली ही आवई शंभर वर्षं टिकली. तिच्या बाजूने पुरावाही दाखवला जाई. टेनेसीतल्या सम्नर परगण्यातल्या १७९० च्या एका न्यायालयीन नोंदीत जॅक्सन यांच्या नावापाशी 'ओ. के.' आहे, असं एका इतिहासकाराने लिहून ठेवलं होतं. मूळ कागद नीट पाहिल्यावर ती अक्षरं 'ओ. आर.' निघाली. नोंद करण्याचा हुकूम झाला, या अर्थाचा तो नेहमीचा कचेरीतला संक्षेप होता. शाईच्या एका फटकाऱ्यावर एवढा मोठा डोलारा उभा राहिला होता.

हा डोलारा उतरवणाऱ्या माणसाचं नाव ॲलन वॉकर रीड. ते कोलंबिया विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. १९४१ साली त्यांनी ओकेचा धागा १८४० च्या निवडणुकीपर्यंत नेऊन दाखवला. पण ते तिथे थांबले नाहीत. त्याही आधीच्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे ते वाचत राहिले. एकेक अंक, एकेक स्तंभ, जाहिरातींसकट आणि चुटक्यांसकट. १९६३ आणि १९६४ साली 'अमेरिकन स्पीच' या नियतकालिकात त्यांनी लेखमाला लिहून १८३९ ची नोंद आणि तिच्या आजूबाजूची ती सगळी आद्याक्षरांची लाट पुराव्यानिशी मांडली. ही लाट त्यांनी दाखवली हे विशेष महत्त्वाचं. नुसती एक जुनी नोंद सापडली असती, तर तो छपाईतला दोष किंवा योगायोग आहे असं म्हणता आलं असतं. त्याच साच्यातले, त्याच काळातले, त्याच गावातले डझनावारी शब्द शेजारी मांडल्यावर शंकेला जागा उरली नाही.

तरीही ओकेच्या इतर जन्मकथा संपलेल्या नाहीत. ग्रीक लोक 'ओला काला', म्हणजे सगळं छान, याकडे बोट दाखवतात. स्कॉटलंडवाले 'ऑख आय' म्हणतात. कुणी हैतीच्या ओ काय बंदरातल्या उत्तम रमचा हवाला देतं. कुणी म्हणतं, अमेरिकेच्या यादवी युद्धात एकही सैनिक मेला नसेल त्या दिवशी फळ्यावर 'शून्य किल्ड' लिहीत, त्याचंच ओ. के. झालं. या शेवटच्या कथेचा निकाल एका तारखेने लागतो. यादवी युद्ध १८६१ साली सुरू झालं, आणि तोवर ओके बावीस वर्षांचा झाला होता.

दोन कथा मात्र मला हलक्या हाताने बाजूला सारता येत नाहीत. एक चोक्तॉ या मूळ अमेरिकी लोकांच्या भाषेतल्या 'ओके'सारख्या उच्चाराच्या शब्दाची. 'असंच आहे' हा त्याचा अर्थ. अध्यक्ष वुड्रो विल्सन यांना ही कथा इतकी पटली होती की ते कागदांवर त्याच धर्तीचं स्पेलिंग करत. दुसरी कथा पश्चिम आफ्रिकेतल्या वोलोफ भाषेची. गुलाम करून अमेरिकेत आणलेल्या माणसांनी आपला होकार आपल्या भाषेतून तिथल्या इंग्रजीला दिला, असं ती सांगते. या कथांमागे एक खरी वेदना आहे. ज्यांची जमीन गेली, ज्यांना साखळदंडांत आणलं, त्यांचं त्या देशाच्या सर्वांत गाजलेल्या शब्दात तरी काही असावं, ही इच्छा मला कळते, तिचा मान ठेवावासा वाटतो. पण बॉस्टनच्या अंकांतून ओकेचा जन्म जसा डोळ्यांसमोर घडताना दिसतो, तसा धागा या कथांमागे दिसत नाही. त्या माणसांवर झालेल्या अन्यायाची साक्ष द्यायला इतिहासात भरपूर कागद आहेत. त्यासाठी एका शब्दाच्या जन्माची कथा बदलावी लागत नाही.

आपणही या बाबतीत वेगळे नाही. गावाच्या नावाची गोष्ट विचारा, आधी रामायण नाहीतर पांडव पुढे येतात. नाशिकच्या नावात शूर्पणखेचं नाक आहे असं सांगतात, आणि तिथेच कुणी नऊ शिखरांची 'नवशिख' ही दुसरी गोष्टही सांगतं. या गोष्टींत लोकांनी आपल्या भूमीवर केलेलं प्रेम आहे आणि त्या प्रेमापायी त्या जपाव्यात. पण पुण्याच्या नावाविषयी काही ठामपणे बोलता येतं, ते राष्ट्रकूट राजांच्या इसवी सन ७५८ आणि ७६८ च्या ताम्रपटांमुळे. त्यांत 'पुण्यविषय' आणि 'पूनकविषय' अशी नावं कोरलेली आहेत. बाराशे वर्षांहून जुन्या तांब्यावरचं हे एक नाव मला पुण्याबद्दलच्या सगळ्या आख्यायिकांपेक्षा अधिक हलवून जातं. कारण ते कुणीतरी त्या दिवशी, त्या कामासाठी, खरोखर कोरलं होतं.

ओकेची पाळंमुळं अशी कळल्यावर त्याच्या अर्थाकडे मी नव्याने पाहू लागलो. ओके म्हणजे चांगलं नव्हे आणि वाईटही नव्हे. 'पेपर कसा गेला?' याला मुलगी 'ओके' म्हणते, तेव्हा आई पुढचा प्रश्न विचारायला थांबते. चित्रपट 'ओके होता' म्हटलं की कुणी तिकीट काढायला धावत नाही. हा शब्द परवानगी देतो, होकार देतो, ऐकल्याची पोच देतो, विषय संपवतो, नवा विषय काढतो. पण तो स्तुती करत नाही. जे ठरलं होतं त्याप्रमाणे आहे आणि काही बिघडलेलं नाही, एवढीच ग्वाही तो देतो. मूळच्या 'ऑल करेक्ट'ची ही सावली पावणेदोनशे वर्षांनंतरही त्याच्यावर आहे.

या ग्वाहीचं वजन मला वडिलांच्या आजारपणात कळलं. हृदयाच्या तपासणीसाठी त्यांना आत नेलं होतं आणि आई बाहेर बाकावर पदर मुठीत धरून बसली होती. डॉक्टर बाहेर आले, हातातले कागद चाळले आणि म्हणाले, "काकू, सगळं ओके आहे." आई इंग्रजी शिकलेली नाही. पण तिची मूठ सुटली, पदर खाली आला आणि तिने हात जोडले. 'उत्तम आहे' असं डॉक्टर म्हणाले नव्हते. म्हणाले असते तर कदाचित ते तिला धीर देण्यासाठी आहे, असं तिला वाटलं असतं. दवाखान्याच्या बाकावर माणूस सुख मागत नाही. काही बिघडलेलं नाही, एवढंच त्याला ऐकायचं असतं. एका विनोदातून निघालेल्या शब्दाने इतकी गंभीर जबाबदारी उचलावी, हे भाषेचं मोठेपण आहे.

सभ्य भाषेत जागा मिळायला ओकेला वेळ लागला. लुइसा मे अल्कॉट यांच्या 'लिटल विमेन'च्या १८६९ साली आलेल्या दुसऱ्या भागात तो एका मुलीच्या तोंडी आहे. १८८० च्या सुधारित आवृत्तीत तिथे दुसरा शब्द घातला गेला. पुस्तकातून काढला तरी तो तोंडातून गेला नाही. २० जुलै १९६९ रोजी अपोलो ११ चं यान चंद्राला टेकलं, त्या क्षणीच्या संभाषणात बझ ऑल्ड्रिन यांच्या तोंडी ओके आहे. १९८० च्या सुमारास ॲपल कंपनीत लिसा नावाचा संगणक तयार होत होता. पडद्यावरच्या आज्ञेला होकार देण्यासाठी तिथे आधी 'डू इट' असं बटण ठेवलं होतं. चाचणीला आलेल्या एका माणसाने ते 'डोल्ट', म्हणजे मूर्ख, असं वाचलं आणि त्याला राग आला. मग त्या जागी ओके आलं. आज जगभर पडद्यांवर जे ओकेचं बटण आपण दाबतो, त्याच्या मागे हाही एक प्रसंग आहे.

त्याच्या प्रवासाला त्याच्या ध्वनींनीही हात दिला असावा. ओ, क आणि ए हे ध्वनी जगातल्या पुष्कळ भाषांना जवळचे आहेत. मराठी जिभेला तर त्यात कुठेच अडखळायला होत नाही. म्हणूनच आपण त्याला आपल्या वळणावरही नेऊ शकलो. २०२२ च्या जून महिन्यात सांगोल्याचे तेव्हाचे आमदार शहाजी पाटील यांचं गुवाहाटीहून फोनवर केलेलं बोलणं महाराष्ट्रभर ऐकलं गेलं. तिथली झाडी, डोंगर आणि हॉटेल यांचं वर्णन करताना त्यांनी माणदेशी ठसक्यात जो दुहेरी क-चा 'ओक्के' म्हटला, तो लोकांनी उचलला. लहान मुलंही तसंच बोलू लागली. १८४० मध्ये न्यूयॉर्कात जे घडलं त्याची मला तेव्हा आठवण झाली. राजकारणाच्या गलबल्यात एखादा उच्चार लोकांच्या जिभेवर बसतो आणि गलबला विरला तरी उच्चार मागे राहतो.

आपल्याकडचं ओकेचं आणखी एक ठिकाण म्हणजे ट्रकच्या पाठीवरचं 'हॉर्न ओके प्लीज'. हॉर्न वाजवायला उत्तेजन मिळतं म्हणून २०१५ साली महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने व्यावसायिक वाहनांवर ही ओळ लिहायला मनाई केली. त्या ओळीत मधोमध ओके का, याच्या दोन कथा सांगतात. एक म्हणते, दुसऱ्या महायुद्धात रॉकेलवर चालणाऱ्या ट्रकवर तशी सूचना असे, तिचं ते रूप. दुसरी म्हणते, ती एका साबणाची जाहिरात होती. दोन्ही सांगोवांगीच्या आहेत. जॅक्सन यांच्या स्पेलिंगची गोष्ट शंभर वर्षं अशीच सांगोवांगी चालली होती. फरक इतकाच की तिकडे एक रीड निघाले आणि त्यांनी गठ्ठे सोडले.

मला जे म्हणायचं आहे ते इथे येऊन पोचतं. बॉस्टनमध्ये ओ. के. छापलं गेलं, तेव्हा मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांचा 'दर्पण' निघत होता. ६ जानेवारी १८३२ ला सुरू झालेल्या त्या पत्रात मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारीशेजारी असे. म्हणजे छापील मराठी पत्रांचं वय ओकेपेक्षा जास्त आहे. त्यानंतर १८४२ मध्ये 'ज्ञानोदय', १८४९ मध्ये पुण्यात 'ज्ञानप्रकाश', १८८१ मध्ये 'केसरी' आला. एक नवी दुनिया मराठीत उतरत होती आणि तिच्यासाठी शब्द घडत होते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली. तिला 'आगगाडी' असं पहिल्यांदा कोणत्या पत्राने, कोणत्या अंकात म्हटलं? 'महापौर' आणि 'दिनांक' या शब्दांचं श्रेय सावरकरांना दिलं जातं. ते कोणत्या लेखात, कोणत्या तारखेला पहिल्यांदा छापून आले? असे प्रश्न पडले की उत्तर एका जागी, तारखेसह मिळायला हवं.

हे काम करण्याची रीत आपल्याकडे आहे. वि. का. राजवाड्यांनी गावोगाव फिरून दप्तरं धुंडाळली आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे खंड काढले. कृ. पां. कुलकर्णी यांनी १९४६ मध्ये 'मराठी व्युत्पत्तिकोश' दिला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ पासून संस्कृतचा ऐतिहासिक शब्दकोश घडतो आहे. शं. गो. तुळपुळे आणि ॲन फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा शब्दकोश उतारे आणि स्थळनिर्देशांसह १९९९ साली प्रसिद्ध झाला. आता 'दर्पण'पासूनच्या मराठीला तारखा लावायला हव्यात, आणि हे काम एकट्या विद्वानांनी उरकण्यासारखं नाही. ऑक्सफर्डच्या थोर इंग्रजी कोशासाठी १८७९ साली जेम्स मरे यांनी सामान्य वाचकांना हाक दिली. शिक्षकांपासून गृहिणींपर्यंत अनेकांनी पुस्तकं वाचून शब्दांच्या चिठ्ठ्या पाठवल्या, म्हणून तो कोश उभा राहिला.

म्हणून एक विनंती आहे. ज्यांच्या घरी, गावच्या वाचनालयात किंवा जुन्या छापखान्यात मासिकांचे आणि वर्तमानपत्रांचे जुने अंक असतील, त्यांनी ते रद्दीत देऊ नयेत. वाचताना एखादा शब्द अपेक्षेपेक्षा जुन्या अंकात भेटला, तर वहीत चार गोष्टी टिपून ठेवाव्यात: शब्द, अंकाचं नाव, तारीख आणि पान. मराठीचे विभाग असलेल्या महाविद्यालयांनी दरवर्षी निदान एका विद्यार्थ्याला एका जुन्या पत्राचं एक वर्ष वाचायला द्यावं. ओकेची जन्मतारीख एका माणसाने चिकाटीने वाचलं म्हणून सापडली. आपल्या शब्दांच्या तारखाही जुन्या अंकांतूनच सापडतील, पण त्यासाठी ते अंक आधी जपावे लागतील.